फोनवर रिकामी, दारात भरलेली

मी तेव्हा नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. जिन्याखालच्या खोलीत माझा बोर्ड. वॉर्डांना जोडायच्या दोऱ्या आणि बाहेर लावायला एक डायल. खिडकीतून कडुलिंब दिसे आणि त्याखाली पेशंटांचे नातेवाईक, विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावांहून आलेले. पेशंटला खाट मिळे, यांना माती. रोज सकाळी चौकीदार त्यांच्या चुली पायानं उधळायचा. मी बघायचे आणि गप्प बसायचे, हेही लिहिते.

एका मे महिन्यात यवतमाळकडची एक बाई खिडकीशी आली. नवरा पाय मोडून वरच्या वॉर्डात. सोबत सासू, उन्हानं पार गळलेली.

"बाई, या डब्यातून साऱ्या नागपुरात बोलता येते म्हनतेत. मंग विचारून पाहा नं, आमच्या बुढीले पडाले कुठं जागा हाय का."

दिवसभर मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या घरी फोनवरून भाजीचे निरोप पोचवत होते. हे मला कधी सुचलं नव्हतं. मी बर्डीवरच्या एका धर्मशाळेचा नंबर फिरवला. व्यवस्थापक म्हणाले, "आहे ना, दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाठवून द्या."

दोघी भर दुपारी चालत गेल्या आणि तशाच चालत परत आल्या.

"भरली म्हने."

"असं कसं? मी स्वतः विचारलं ना!"

"पयले हाय म्हने. मंग इचारलं, गावात कोन्या मोहल्ल्यात राह्यता. म्या सांगतलं. मंग म्हने, भरली."

मी आवाज बदलून पुन्हा फोन लावला. जागा आहे का?

"आहे ना. पाठवून द्या."

"मघाशी दोन बायका आल्या होत्या, त्यांना काय सांगितलंत?"

"बाई, बाकीच्या लोकांचंही पाहावं लागतं आम्हाला."

"मग दारावर 'सर्वांसाठी' कशाला रंगवलंय? पुसून टाका ते!" मी ओरडले. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. जाऊ दे.

आमची आया दारातच उभी होती. म्हणाली, "आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात हॉल हाय. फोन बाजूच्या किराणावाल्याकडं हाय. लावा."

दुकानदार विहारात जाऊन विचारून आला. "पाठवा ताई. नळ हाय, पंखा हाय. गाव-मोहल्ला आम्ही नाही विचारत."

संध्याकाळी आया दोघींना सोबत घेऊन गेली.

मग मी थांबलेच नाही. रोज सकाळी शहरभर फोन करायचे, जाऊन आलेल्यांना विचारायचे, खरोखर कुठे जागा देतात ते कागदावर लिहायचे आणि कागद खिडकीला चिकटवायचे. ज्यांनी दारातून परत पाठवलं त्यांची नावं खाली, ठळक अक्षरांत. आठवड्यात साहेबांनी बोलावलं. धर्मशाळेची तक्रार आली होती.

"सरकारी फोन आहे. समाजसेवेसाठी नाही."

"भाजीसाठी आहे का?"

दुसऱ्या दिवशी डायलला कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खणात. परवानगीशिवाय बाहेर फोन नाही.

पण बाहेरून येणाऱ्या फोनला कुलूप कसं लावणार? आयानं दुकानदाराला निरोप दिला. तेव्हापासून रोज दहाला तोच फोन करायचा, "ताई, आज चौघांची सोय होते." त्यानं आणखी दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवलेलं असायचं. मी लिहून लावायचे. साहेब कागद फाडायचे. मी दुसरा लावायचे.

यवतमाळचा माणूस कुबड्या घेऊन घरी गेला. बायको निघताना म्हणाली, "तुमची नोकरी जाईन वं बाई, आमच्या पायी." नोकरी गेली नाही. मला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं, धुळीत. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी बजावलं, दहाचा फोन घ्यायचाच. ती घेत राहिली.

आता जेवताना कोणी 'तेव्हा काळच तसा होता' म्हणालं की मी ताटावरून उठते.