तड्यात मुरलेलं तेल

शैलजाबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या रागावण्यानेच. मानवतच्या शाळेतून संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर बाईंनी घरीच वर्ग सुरू केला होता. मी पाथरीहून एसटीने गिटार शिकायला गेले, तर दारातच म्हणाल्या, "आधी नखं काप, मग नाव सांग." आज मी परभणीत चार मुलींना शिकवते. त्यांनाही दारातच नखं दाखवावी लागतात.

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या शिस्तीबद्दल या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या हट्टाबद्दल. हा शब्द बाईंना आवडणार नाही, पण माझ्याकडे दुसरा नाही.

आमच्या घरी गिटार आली ती माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मनाविरुद्ध. आबांचं भुसाराचं दुकान. मुलीने असलं काही वाजवणं त्यांना पटत नव्हतं. आई अडून बसली म्हणून ते हो म्हणाले, पण अट घालून: "हे मोडलं की शिकणं बी मोडलं. दुसरं आणायचं न्हाई." आणि मेच्या उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत, गिटारच्या लाकडाला तारांच्या पट्टीपासून थेट कडेपर्यंत तडा गेला! मी हंबरडाच फोडला. परभणीच्या दुकानदाराने तर हातही लावला नाही. "नवीन घ्या," म्हणाला.

बाईंनी तोवर तंबोऱ्याची खुंटी बसवली असेल, पेटीचा भाता चिकटवला असेल; गिटार कधी दुरुस्त केली नव्हती. तरी म्हणाल्या, "ठेव इथं. लाकूड सुकून फाटलंय, आधी त्याची तहान भागवू." त्यांनी तारा उतरवल्या, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून ती गिटारच्या पोटात ठेवली आणि वरून चादर गुंडाळली. काही दिवसांत तडा मिटत आला. मग त्यात सरस भरून, आतून लाकडाचं पातळ ठिगळ लावून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबने गिटार आवळून बांधली.

दुसऱ्या दिवशी सोडली, तर ठिगळ खळकन आत पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"जाऊ द्या बाई, माझ्या नशिबातच नाही," मी म्हटलं.

"नशीब गेलं खड्ड्यात!" बाई कडाडल्या. त्यांनी तड्याला नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "करडईचं तेल? हे कुणी लावलं गं?"

मी तर लावलं नव्हतं; घरी विचारलं आणि आईलाच घेऊन गेले. आमच्याकडे भाकरीची लाकडी काठवट वाळून चिरायला लागली की आई तिला करडईचं तेल चोळते. तसंच तिने मला न सांगता गिटारच्या तड्यातही जिरवलं होतं. तेलावर सरस कसा धरणार? आईचा चेहरा उतरला. "म्याच वाटोळं केलं की हो बाई! लेकीचं शिकणं म्याच बंद पाडलं."

बाईंनी तिला बसवलं, पुढ्यात चहा ठेवला. "तुम्ही अडून बसला नसता तर ही गिटार आलीच नसती. आता रडू नका, चिंधी धरा."

मग दोघी तेल काढायला बसल्या. बाई थिनरच्या चिंधीने पुसायच्या, थिनर उडून गेलं की आई हुंगायची. "आजून हाय," म्हणाली की पुन्हा पुसणं. आईने "न्हाई आता" म्हटल्यावरच बाईंनी पुन्हा ओलावा दिला, सरस भरला, ठिगळ लावलं. ते आजतागायत हललेलं नाही.

घरी आबांनी तड्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. "हे मोडलं हुतं ना?"

"व्हय," आई म्हणाली, "आन आमी सांधलं."

 पुढच्या उन्हाळ्यात "स्पंज भिजिवला का?" असं आबाच विचारू लागले.

बाईंचे गुडघे आता कुरकुरतात. वर्ग बंद करा म्हटलं की त्या आमच्यावरच डाफरतात. खुशाल डाफराव्यात! बाई, तुम्ही ठणठणीत राहून शंभरी गाठावी आणि आमची नखं तपासत राहावीत, एवढंच महादेवापाशी मागणं आहे. पंचाहत्तरीच्या समारंभात मी तीच गिटार वाजवणार आहे. आईही येते आहे, करडईच्या तेलाची बाटली घेऊन. तिचा निरोप आहे, "बाईस्नी सांग, लाकडाला म्या आता तेल लावत न्हाई. गुडघ्याला मातर मीच चोळणार."