चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

नंदिनी रामटेके "हा कागद खोटा आहे, मीच भरला" असं भर मांडवात बोलली, तेव्हा मी तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते आणि तोंड शिवल्यासारखी गप्प होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी गावावर चिडेन, साहेबांवर चिडेन, तेव्हा माझी लायकी तुम्हाला ठाऊक असलेली बरी.

खैरवाड्याच्या आरोग्य उपकेंद्रात मी एकोणीस वर्षं नर्स होते. नागपूरला लागून असलेल्या वाडीची गोदामं आणि ट्रकच्या रांगा मागे टाकून आत वळलं की आधी लोखंडाचा कारखाना लागतो आणि मग हे गाव. भट्टी पेटली की काळी धूळ येते. उन्हात घातलेल्या वड्या संध्याकाळपर्यंत राखाडी होतात, बायका त्या झटकून डब्यात भरतात. नंदिनी इथली आशा सेविका. दहावी नापास, पण कुठल्या घरात कोण कितव्या महिन्यात आहे, कुणाची गोळी चुकली, सगळं तोंडपाठ. चालायची इतकी भराभर की मी मागून ओरडायचे, "बाई, माझे गुडघे सरकारी आहेत, जरा दमानं!" नवरा अंकुश अकरा वर्षं कारखान्यात कोळसा उतरवायचा. दोन वर्षांपासून घरी बसून खोकत होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं, छातीत धूळ बसली आहे, आता जपायचं एवढंच.

मागच्या वर्षी कारखान्याला दुसरी भट्टी हवी झाली. त्याआधी गावाच्या आरोग्याचा अभ्यास करायचा, लोकांना विचारायचं, मग जनसुनावणी घ्यायची, असं ठरलं. नागपूरहून सल्लागार कंपनीच्या काजल मॅडम आल्या. पोरगी चांगली होती, खोटं कशाला बोलू. "लोकांचा सहभाग हवा," असं दर दोन वाक्यांनी म्हणायची. बाहेरच्या माणसाशी लोक मोकळं बोलत नाहीत, म्हणून तिनं फॉर्म नंदिनीच्याच हातात दिले. दोनशे बारा घरं. वर घरमालकाचं नाव आणि घर नंबर, खाली प्रश्न. चौदावा प्रश्न असा होता: घरात कुणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?

इथंच आम्ही माती खाल्ली. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे सोयरिकी जुळवायचे दिवस. आमच्याकडे लग्नाची मुलगी असलेल्या घरात खोकला नसतो. खोकणारा माणूस असतो, पण खोकला नसतो. पाहुणे यायचे म्हटलं की त्या माणसाला वावरात धाडतात आणि त्याच्या बाटल्या पिठाच्या डब्यात लपवतात. धुळीचा खोकला कुठला, क्षयाचा कुठला, हे समजून घ्यायला सोयऱ्यांना वेळ नसतो, ते सरळ दुसरं घर बघतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग नावानिशी, नंबरानिशी कागदावर कोण लिहून देणार?

पार्वतीबाई गजभिये सत्तरीच्या, खोकून खोकून वाकलेल्या. त्यांच्या नातीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी नंदिनीचा हात धरला. "तुले तं सारं माहीत आहे वं. पण कागदावर नको लिहू. पोट्टीचं जमून राहिलं." परक्या माणसाला अशी गळ घालायची कुणाची हिंमत झाली नसती. नंदिनी घरचीच, म्हणून दारोदार तिच्याकडून वचन घेतलं गेलं.

ती माझ्याकडे आली. "सिस्टर, मी का करू? सारेच नाई म्हणून राहिले."

"सांगतील ते लिही," मी म्हणाले. "स्वतःचं डोकं लावू नकोस."

हा सल्ला माझा. काजल मॅडमनंही तिला तेच सांगितलं होतं, पण मॅडमला गाव माहीत नव्हतं, मला होतं. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये जुनाट खोकल्याची त्रेसष्ट घरं माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

शेवटचा फॉर्म नंदिनीच्या स्वतःच्या घराचा राहिला. तिच्या मुलीचं, मेघाचं, वाडीच्या एका मुलाशी जवळजवळ ठरलं होतं, आणि त्या मुलाची मावशी खैरवाड्यातच दिलेली. आत अंकुश खोकत होता आणि बाहेर ओट्यावर बसून नंदिनीनं चौदाव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

जनसुनावणी एप्रिलमध्ये झाली, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी अहवाल वाचला. दोनशे बारापैकी नऊ घरांत दीर्घकाळचा खोकला. गावाचं आरोग्य समाधानकारक.

सरपंच रामाजी ताडकन उठले. "साहेब, सारं गाव खोकून राहिलं आणि तुमी नऊ सांगता?"

"ही माहिती तुमच्या लोकांनीच दिली आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमच्याच आशाताईंनी भरली आहे. खोकला होता, तर तेव्हा का सांगितला नाही?"

आपलेच दात, आपलेच ओठ. रामाजी खाली बसले.

तेव्हा नंदिनी उठली. तिनं माईक हातात घेतला आणि ते वाक्य बोलली.

"कोणत्या घराची माहिती चुकीची आहे?" साहेबांनी विचारलं. "नाव सांगा, दुरुस्त करू."

तिनं बायकांच्या रांगांकडे पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. पार्वतीबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, आलेला खोकला त्या गिळत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मग नंदिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पर्सकडे पाहिलं. निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि सरकारी नोकरानं अशा ठिकाणी बोलायचं नसतं, असं मी मनाशी म्हटलं. असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

"घर नंबर सत्तेचाळीस," नंदिनी म्हणाली. "अंकुश रामटेके. माहा नवरा आहे. दोन वर्षांपासून खोकला आहे. कधीकधी रक्त पडते. मीच नाई म्हणून लिहिलं."

तिसऱ्या रांगेतल्या मावशीनं मान वळवून मेघाकडे पाहिलं. मेघा ताठ बसून होती. नंदिनी माईक धरून थांबली, कुणीतरी उठेल म्हणून. "आता तं सांगा ना गा! काहून चूप बसले सारे?" तिचा आवाज फाटला. कुणी उठलं नाही.

साहेबांनी पेन काढलं. "नोंद घेतली," ते म्हणाले. "नऊच्या जागी दहा."

मेघाचं लग्न आठ दिवसांत मोडलं. दिवाळीआधी दुसऱ्या भट्टीला परवानगी मिळाली, आता ती चालू आहे. अंकुश खाटेवरून उठत नाही. मला गावाचा राग येतो, पण कुठल्या तोंडानं येऊ द्यावा हे कळत नाही. रजिस्टर मी निवृत्तीच्या दिवशी कपाटात ठेवून आले.

मध्ये एकदा नंदिनीला भेटायला गेले. ती मला खुर्ची देऊन स्वतः जमिनीवर बसली. मग तिनं सांगितलं, नातीचं लग्न लागल्यावर पार्वतीबाई लाडू घेऊन आल्या होत्या. नंदिनीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू आमचं नाव नाई घेतलं, बहुत उपकार झाले वं तुहे." त्यानंतर आणखी बायका आल्या. एकेकटी यायची, हळू आवाजात तेच म्हणायची आणि जायची.

"शिव्या देल्या असत्या तं सोसल्या असत्या, सिस्टर," नंदिनी म्हणाली. "हे आभार मी कुठं ठेवू?"