दुपारी तीनचं ऊन

नेरूळच्या घरात दुपारी तीनला ऊन ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यावर येतं. डबा हाताला कोमट लागला, की मी महापेच्या जुन्या लॅबमध्ये पोचते.

तिथे औषधाच्या नमुन्याचा पीक, म्हणजे आलेखातला उंच सुळका, सकाळी स्क्रीनवर बरोबर सहाव्या मिनिटाला यायचा, दुपारी मात्र लवकर. तीन दिवस तेच. मशीनमध्ये जाणारं द्रावण म्हात्रेकाका बनवायचे, जासईहून येणारे आमचे लॅब असिस्टंट. मी लॉगबुकात लिहून टाकलं, ‘द्रावण चुकीचं. म्हात्रे.’

काकांनी ते वाचलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम, कॉलमला हात लावून बगा.”

द्रावण जायची ती वीतभर स्टीलची नळी तापली होती.

“तीन वाजले की ऊन येतं तिच्यावर. माजं द्रावण बरोबर हाय.”

त्यांनी आपला ॲप्रन खिडकीवर टांगला. निळसर सावली पसरली, मशीनचा पंप संथ टिकटिकत राहिला. कॉलम निवाला आणि सहाव्या मिनिटाला पीक अलगद वर आला.

लॉगबुकात खोडरबर चालत नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी रेघ मारली, सही केली. तेव्हा वाटलं, झालं.

आता ती रेघ नीटशी आठवत नाही. तिच्याखालचं नाव मात्र अजून वाचता येतं.