मागच्या सीटवरचे अंकल

अंकल गाडीत कधी पुढे बसायचे नाहीत. काशीमीऱ्याच्या आमच्या गॅरेजात दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ते ट्रायलला न्यायचे, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन. स्वतः मागे, तेही बरोबर मध्ये, जिथे घरातल्या सगळ्यात गरीब माणसाला बसवतात तिथे, गुडघे वर घेऊन आणि डोळे मिटून. "चालवणाऱ्याला रस्ता दिसतो," म्हणायचे, "गाडी कशी हाय ती मागच्याला कळते."

ते उत्तनचे, आमचे हेडमेस्त्री. मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इकडे आले, आणि गॅरेजात गिऱ्हाइकांच्या तक्रारी कार्डावर लिहून घ्यायचं काम मिळालं. नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं. हेही गेलं असतं तर गावाकडची गाडी धरण्याशिवाय मार्ग नव्हता. गिऱ्हाईक समोर बसलं की माझं अक्षर थरथरायचं. न जाणो काय चुकेल.

अंकलनी माझं नाव कधी घेतलं नाही. "ए वाशीम, माणूस बोलतो तसंच लिव. शुद्ध नको करू." मग मी तसंच लिहायची. 'क्लच दाबला की म्हैस हंबरते.' 'डॅशबोर्डात उंदीर शिरल्यासारखं वाटतं.' बाकीचे मेस्त्री कार्ड वाचून हसायचे. अंकल चष्मा वर करून म्हणायचे, "हसू नका. म्हैस म्हणजे बेअरिंग. खोला."

फॅमिली गाड्यांचं रडगाणं बहुतेक ठरलेलं असायचं. एसी मागेपर्यंत पोचत नाही, काच अर्ध्यावर अडकते, चार माणसं बसली की स्पीडब्रेकरवर खालून घासते. सिल्व्हर पार्कहून एक साहेब आले तेव्हा त्यांनी याच तिन्ही तक्रारी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन कोकणात जायचं होतं. मी लिहून घेत होते, तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेली आजी पदर नाकाशी धरून म्हणाली, "मागं बसलं की धुरकट वास येतो गं. डोकं जड होतं."

साहेब हसले. "ताई, ते नका लिहू. आईला रिक्षापण लागते."

गाडी साहेबांची. मी नाही लिहिलं.

अंकल त्या दिवशी भाचीच्या लग्नाला उत्तनला होते, म्हणजे मागच्या सीटवर कुणी बसलंच नाही. मेस्त्रींनी एसी थंडगार केला, काच नीट केली, खालून घासतं त्यासाठी स्प्रिंगखाली रबर बसवलं. गाडी दुपारी गेली.

संध्याकाळी घरी कणीक मळताना मला आजीचा तो पदर आठवला आणि हात थांबले. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "एकदम मस्त आहे गाडी. एसी तर असा चाललाय, काचा उघडायचं नाव नको." मला अजूनच भीती वाटली. चूक सांगावी तर नोकरी, न सांगावी तर ती म्हातारी काचा बंद करून सात-आठ तास मागे बसणार. शेवटी अंकलना फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"अंकल, आजीचं एक लिहायचं राहिलं."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच म्हणाले, "सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर ये. मी निघतो."

आले ते लग्नाच्या कोटात, खिशाला फूल. साहेब बिल्डिंगखाली येऊन बघतच राहिले. अंकल आजीच्या शेजारी मागे बसले, काचा लावायला सांगितल्या, डोळे मिटले. दोन चकरा झाल्यावर म्हणाले, "थांबवा. इंजिन चालूच ठेवा, आता तुम्ही मागं या." साहेब मागे बसले आणि थोड्याच वेळात खोकत बाहेर आले.

अंकल कोटासकट गाडीखाली सरकले. घासून घासून सायलेन्सरचा जोड फाटला होता. वरून डिकीचं रबर झिजलेलं, त्यातून धूर थेट मागच्या सीटवर.

"आई, तू बोलली का नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"बोलले की. या पोरीजवळ बोलले."

अंकल कोट झटकत उभे राहिले. "बोलल्या म्हणून तर आम्ही आलो. हिनंच फोन केला."

कोकण एक दिवस पुढे गेलं. आम्ही निघताना आजी रिक्षापर्यंत आली आणि माझ्या गालावरचं पीठ पुसलं. ते तसंच लागलेलं होतं.

रिक्षात मी म्हटलं, "अंकल, उद्यापासून येऊ नको का?"

"वेडी हाय काय तू? घाबरलीस म्हणून फोन केलास. न घाबरणारा जेवून झोपला असता." मग कोटाच्या कोपरावरचं काळं ऑइल बघत म्हणाले, "बायको मात्र मला सोडणार न्हाय."

त्यानंतर आमच्या कार्डावर एक ओळ वाढली. मागे कोण बसतं, आणि ते काय म्हणतात? अंकलनी ती माझ्याच हातानं लिहून घेतली आणि तशीच छापायला पाठवली.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी मागे बसायला नकार दिला. गॅरेजातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी एक पांढरी फॅमिली गाडी ट्रायलला होती. मी मागचं दार उघडून धरलं, तर अंकल पुढचं दार उघडून चालवणाऱ्या मेस्त्रीच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बस मागं. मध्ये. डोले मिट."

हायवेला लागलो. ट्रकचे हॉर्न, एसीचा वारा, मग हळूहळू ते सगळं बाजूला झालं. उजवीकडच्या दारात काहीतरी होतं, अगदी बारीक.

"अंकल, बांगड्या वाजल्यासारखं येतंय. उजव्या दारातून."

ते मागे वळले नाहीत. समोरून कार्ड आणि पेन तेवढं माझ्याकडे आलं.

"लिव तर मग. बांगड्याच लिव."

मी लिहिलं. चालत्या गाडीतसुद्धा अक्षर सरळ आलं.