फसव्या औषधांची वैरीण

आनंदाच्या बातमीवर विरजण घालण्याची माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकी हौस उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसऱ्या कुणाला नसेल. वर त्याचा त्यांना पगार मिळतो! चाकणजवळ औषधं शोधणाऱ्या एका कंपनीत त्या आहेत. तिथलं यंत्र हजारो रसायनं थेंबाथेंबाने तपासतं आणि रोगाला कारण असलेल्या प्रथिनाला एखाद्याने आवरलं की पडद्यावर ठिपका उजळतो. पोरं टाळ्या पिटतात. मग ताई येतात. त्यांच्या मते या उजळणाऱ्यांत बहुतेक सगळे नाटकी. कुणी स्वतःच चकाकून यंत्राला फसवतं, कुणी पाण्यात गोळे करून प्रथिनाला नुसतंच अडकवून ठेवतं. ताई साबणासारख्या द्रावणाचा थेंब सोडतात. गोळे विरघळतात आणि औषधाचा गुणही. "सोंग उतरलं," म्हणत त्या शांतपणे जेवणाचा डबा उघडतात.

घरीही तेच. चऱ्होलीला फ्लॅट बघायला गेलो, तर बाल्कनीतून नदी दिसते म्हणून आमचे हे हरखले. ताईंनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, "पुढची बिल्डिंग झाल्यावरही दिसेल का?" त्या माणसाला एकदम फोन आला. आम्ही अजून वाकडला भाड्यानेच राहतो.

एकदा तर कंपनीत पैसे गुंतवणारे परदेशी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी साहेबांचं लाडकं रसायन निकालात काढलं. साहेब कळवळले, "मॅडम, चार दिवस थांबला असता तर?"

"चार दिवसांनी ते खरं होणार होतं का, सर?"

पण मागच्या वर्षी एक रसायन त्यांना पुरून उरलं. साबणाला दाद देईना, चकाकेना, गोळे करेना. मात्रा वाढेल तसा त्याच्या गुणाचा आलेखही झोकात चढत गेला. ते होतं कंपवातासाठी, आणि माझ्या सासूबाईंचे हात कंपवातानेच थरथरतात. ताई घरी चक्क गुणगुणायला लागल्या. आम्हाला काळजीच वाटली! तरी सवयीप्रमाणे त्यांनी तेच रसायन दुसरीकडून नव्याने बनवून घेतलं. नवं ढिम्म. पहिल्या बाटलीत बनवताना राहिलेला जस्ताचा अंश होता. सगळी करामत त्या जस्ताची.

त्या संध्याकाळी ताई चपला न काढताच सोफ्यावर बसल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं तुझ्या औषधाचं?"

"खोटं निघालं, आई."

"खोटं आहे हे तूच शोधून काढलंस ना? का दुसऱ्या कुणी सांगितलं?"

"मीच."

"मग बरं," म्हणून सासूबाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्याबरोबर ताईंचे केसही हलत होते. ताईंनी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पण आई," त्या म्हणाल्या, "आलेख काय देखणा आला होता गं!"