पहिल्या धारेची घुटी

"व्हा बाजूला! पहिली धार बाळाची!"

आमच्या शेजारच्या जिजींची ही आरोळी उठली की देवासच्या टेकडीवरची वानरं झाडं बदलत. खोटं वाटत असेल तर वानरांना विचारा.

गल्लीत नळ नुकताच आला होता. शिशाची मऊ नळी, हवी तशी वळवून अंगणाअंगणांत नेलेली. जिजींनी तोटीला हळदकुंकू वाहिलं आणि निकाल दिला: रात्रभर नळीत राहिलेलं, कोणी न शिवलेलं पाणी म्हणजे सोवळ्यातलं सोवळं. घुटी त्यातच उगाळायची.

गल्लीतलं प्रत्येक बाळ त्यांच्या मांडीवर आडवं होई. "पी रे माझ्या सरदारा!" म्हणत घुटीचं बोंडलं त्याच्या ओठांना अशा तोऱ्यात लावत की शेजारी उभा असलेला बापही तोंड उघडी.

मग बाळंतपणाला आलेल्या त्यांच्या लेकीला मुलगा झाला. दिसामासी वाढायचा, तो पांढराफटक पडत चालला. ओकाऱ्या, पोट दगडासारखं. जिजींनी घुटी वाढवली. तो आणखी वाळला. त्यांनी आणखी वाढवली.

इंदूरहून आणलेल्या डॉक्टरांनी अंगणातल्या नळीवर नख ओढलं. "बाई, हे शिसं. रात्रभर पाण्यात उतरतं. पहिलं पाणी विषारी."

"अहो, काचेसारखं पाणी आहे! गाळून घेते मी."

"गाळून जात नाही."

"मग उकळते."

"उकळूनही नाही."

"मग मी करू तरी काय?" जिजींचा एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी पुडी दिली. देताना वर पाहिलं नाही. नळी बदला म्हणून मी कचेरीत भांडायला गेलो. कारकून पान चघळत म्हणाला, "भिया, पाणी तो आवे है नी? फेर कंई तकलीफ?"

आम्ही विहिरीचं पाणी आणू लागलो. पण बाळाला झटके सुरू झाले होते. जिजी त्याच्या आवळलेल्या मुठी एकेक बोट करून सोडवत. एका दुपारी मुठी आपोआप सुटल्या, पुन्हा आवळल्याच नाहीत.

पुढे माझ्या घरी मुलगी झाली. जिजी आल्या, उंबऱ्याशीच बसल्या, हात पदराखाली.

"जिजी, घ्या ना मांडीवर," बायको म्हणाली.

"नको गं सूनबाई. इथूनच बघते."

मुलगी रडू लागली. जिजी जागच्या हलल्या नाहीत. फक्त त्यांची रिकामी मांडी हळूहळू हलायला लागली.