कानसेनाचा शब्द

आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं होतं. बाकी जगाला तो कानसेनच. तो गात नव्हता, वाजवत नव्हता. ऐकत मात्र असा होता, की स्पीकर बनवणाऱ्या कंपन्याही त्याला वचकून असत.

हा कान घडला तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. शाळा संपल्या संपल्या तो तिथे कामाला लागला. दुकानाच्या मालकांना तो काका म्हणे. नात्याचे नव्हते, पण सख्ख्यांपेक्षा जास्त. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेचकस खाली ठेव. आधी ऐक. यंत्र स्वतःच सांगतं कुठे दुखतंय ते." घूं घूं असा आवाज आला की कंडेन्सर गेला, बटण फिरवताना खरखरलं की आत धूळ बसली. सहा वर्षांत तो इतका तयार झाला, की गिऱ्हाईक दारात असतानाच पिशवीतल्या रेडिओचा आजार सांगे.

पुढे टीव्हीवाले आले. घरात घ्यायच्या यंत्रांची पारख करून दाखवणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यांना काढायचा होता, आणि त्यासाठी जाणता माणूस हवा होता. बोलावणं खरं तर काकांना होतं. काकांनी पोटावरून हात फिरवला. "मी त्या डब्यात मावायचो नाही. याला न्या." आणि तो गेला. डोळ्यांवर पट्टी बांधून तीन स्पीकर ऐकायचे आणि कोणता खरा, कोणता नुसता ढोल, ते सांगायचं, हा त्याचा हातखंडा खेळ. चौदा वर्षं कार्यक्रम चालला. कंपन्यांनी भेटी पाठवल्या, त्या त्याने परत पाठवल्या. वाईटाला वाईट म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नाही.

टीव्हीवरचा कार्यक्रम बंद पडला, तेव्हा त्याने मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि इंटरनेटवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. कॅमेऱ्यामागे बायको. ती चित्रणाची कापाकापीही शिकली. बघणारे लाखांच्या घरात गेले. "कानसेनाने घ्या म्हटलं की घ्यायचं" अशी म्हणच पडली.

कान जायला लागले ते पन्नाशीत. पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं.

"अहो, ओव्हन कधीचा बोंबलतोय! तुम्ही शेजारीच उभे आहात ना?"

त्याने ओव्हनकडे पाहिलं. दिवा लुकलुकत होता. आवाज नव्हता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून मोठ्या आवाजात ऐकलं, त्याचा हा परिणाम. आतल्या नसा मेल्या होत्या. "गेलंय ते येत नाही. उरलंय ते जपा," त्या म्हणाल्या, आणि तेही त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "लोकांना सांगून टाकू या. काही लपवायला नको."

"सांगून काय करू? तोतरा कीर्तनाला उभा राहिलाय म्हणून हसायला बोलावू सगळ्यांना?"

तिने तपासणीचा कागद कपाटात टाकला. आणि मग दोघांच्याही नकळत एक रीत पडली. नवा हेडफोन आला की ती तो दोन दिवस ऐके आणि वहीत लिही: 'खालचा सूर फुगलेला. गाणारी बाई घशात खडा अडकल्यासारखी वाटते.' तो ते पाठ करी आणि कॅमेऱ्यापुढे मान डोलावत, डोळे मिटून सांगे. गंमत अशी, की बघणाऱ्यांना कार्यक्रम पूर्वीपेक्षा आवडू लागला. एकाने लिहिलं, 'कानसेन म्हातारपणी आणखी बारीक ऐकायला लागलाय.' बायकोने हौसेने ते वाचून दाखवलं. तो हसला, आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

दोन वर्षं अशी निभली. मग एका कंपनीकडून एक छोटी डबी आली. आत कानात घालायचं यंत्र होतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, डॉक्टरची चिठ्ठी नको, तपासणी नको. खोका उघडा, कानात घाला, ऐका.

बायकोने घातलं आणि लगेच ओरबाडून काढलं. "माझा कान फाटेल. चांगल्या कानाला याचं काय कळणार?"

तेव्हा त्याने ते स्वतःच्या कानात घातलं.

खिडकीबाहेर कुणीतरी केर काढत होतं. झाडूचा सर्र सर्र आवाज आला. बायको कपात चमचा फिरवत होती, तो वाजला. ती नुसतं "काय?" म्हणाली आणि तो तिच्या तोंडाकडे न बघता समजला. बावन्न वर्षांचा बाप्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला.

दहा मिनिटांनी यंत्र शिट्टी मारू लागलं. पाठोपाठ स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं आणि कुणी कानात खिळा ठोकावा तशी कळ डोक्यात गेली. यंत्राला आवाजाची मर्यादाच नव्हती. बारीक आवाज वाढवायचं तसंच ते मोठाही वाढवत होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या कानात भुंगा फिरत राहिला. काकांच्या दुकानात सहा वर्षं काढलेल्याला दोष ओळखायला उपकरणं लागणार नव्हती.

"झाकणाचं सांगायचं बरं का," चित्रण सुरू करण्याआधी बायको म्हणाली.

"कसं सांगू? चांगल्या कानाला याचं काही कळत नाही, हे तूच म्हणालीस. मग मला कसं कळलं, असं कुणी विचारलं तर?"

"मग हा भागच करू नका. परत पाठवा डबी."

पण त्याला ते यंत्र परत करवेना. त्या दहा मिनिटांची भूल अजून उतरली नव्हती. तो कॅमेऱ्यापुढे बसला आणि म्हणाला, "घरात कुणी म्हातारं असेल तर डोळे झाकून घ्या. माझा शब्द." झाकणाचं अवाक्षर काढलं नाही.

महिना-दीड महिन्याने काकांच्या सुनेचा निरोप आला. चार ओळींचा. 'बाबांनी तुमचा कार्यक्रम बघून यंत्र घेतलं. उजव्या कानाने थोडं ऐकू यायचं, तेही गेलं. डॉक्टर म्हणतात यंत्रामुळे. बाबा तुम्हाला काही बोलत नाहीत, पण मला सांगावंसं वाटलं.'

तो एकटाच गेला. बायको येते म्हणत होती, त्याने नको म्हटलं.

काका पंच्याऐंशीला टेकले होते. खिडकीशी बसले होते. त्याला बघून चेहरा उजळला. सून पाणी ठेवून आत गेली. काकांनी ते यंत्र घातलेलं असताना शेजारच्या गाळ्याचं लोखंडी शटर धाडकन खाली आलं होतं, हे तिने दारातच, हातवारे करत सांगितलं होतं. त्यातलं निम्मं त्याने ओठांवरून उचललं होतं.

काकांनी मांडीवरची पाटी त्याच्याकडे सरकवली. म्हणजे त्याने लिहायचं आणि काका तोंडाने उत्तर देणार. त्याने लिहिलं, 'चुकलो.'

काका बोलू लागले. दाढीमिशांच्या जंगलात त्यांचे ओठ दिसत नव्हते. तो अंदाजाने माना डोलवत राहिला. काका थांबले. मग त्यांनी एक वाक्य म्हटलं आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने पुन्हा मान डोलावली.

काकांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: 'मी विचारलं, तुझी आई अजून आहे का. तू हो म्हणालास. तिला मी खांदा दिलाय.'



काकांनी पुसून पुन्हा लिहिलं. 'कधीपासून?'

त्याने दोन बोटं वर केली.

'म्हणजे तू ते स्वतः घालून बघितलं होतंस.'

या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. त्याने पाय धरायला हात पुढे केले, तर काकांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, दमल्यासारखे. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. तो तासभर थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "कॅमेरा लाव. कापायचं काही नाही."

त्याने सगळं सांगितलं. ओव्हन, वही, झाकण, शटर, काका. स्वतःचा आवाज ताब्यात राहत नव्हता, मध्येच ओरडल्यासारखा होत होता. बायको कॅमेऱ्यामागे उभी राहून रडत होती आणि हाताने 'हळू, हळू' अशी खूण करत होती.

त्यानंतर शिव्यांचा पाऊस पडला, तो त्याने धरलाच होता. कंपनीने हात झटकले. जे कालपर्यंत कानाच्या पाळीला हात लावून त्याचं नाव घेत, ते आज थुंकले. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: खरं सांगितलेला भाग शंभरातल्या चौघांनीसुद्धा बघितला नाही. जुना भाग त्याने काढून टाकला होता, पण तोवर पन्नास जणांनी तो उतरवून आपापल्या पानांवर चढवला होता.

काका थंडीत गेले. सुनेने कळवलं ते तिसऱ्या दिवशी.

आता तो एका गोदामात परत आलेला माल तपासतो. तुटलंय का, जळलंय का, एवढंच. त्याला डोळे पुरतात. परवा बायकोबरोबर पंखा आणायला बाजारात गेला, तर एका दुकानाच्या काचेत मोठ्या पडद्यावर त्याचाच चेहरा, तेव्हाचा, बिनदाढीचा. डोळे मिटलेला, मान डोलावणारा. समोर एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे. मुलाचं बोट काचेमागच्या त्याच डबीकडे.

"घेऊ नका," तो म्हणाला. फारच जोरात म्हणाला असावा, कारण रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "तो मीच आहे. ते खोटं आहे. घेऊ नका."

मुलाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या पिकल्या दाढीकडे. काहीतरी बोलला. कानसेनाने बायकोकडे बघितलं.

"काय म्हणाला?"

बायकोने त्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला घेतलं. म्हातारी आणि मुलगा दुकानात शिरत होते.

"काय म्हणाला तो? सांग ना."

"काही नाही," ती सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली. "चला."